पाण्यात उतरायचं कोणी

थंडी पडली की आमच्या गावच्या तलावावर बदकं उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग माणसं. बदकांची मला कधी अडचण वाटली नाही. ती हिमालय ओलांडून येतात, चार महिने आमच्या चिखलातलं खातात आणि मुकाट्याने परत जातात. माणसं धुळ्याहून गाडीत बसून येतात आणि त्यांना तलावाचं कंबरभर पाणी ओलांडवत नाही.

मी लग्न होऊन या गावी आले तेव्हा शिकारीला परवाने मिळत. थंडीत दर रविवारी साहेब लोकांची जीप यायची. लोकरी कोट, हातमोजे, गळ्यात दुर्बीण. बंदूक वाजली की बदक पडायचं पाण्याच्या मधोमध. मग साहेब मान वळवून माझ्या मुलाच्या, नवलच्या, वडिलांकडे बघायचे. बोलायचीसुद्धा गरज नसायची. माझा मालक धोतर सोडून लंगोटीवर पाण्यात शिरायचा आणि बदक तोंडात धरायचं तेवढं बाकी ठेवायचा.

माझ्या मालकांची स्वतःची रीत वेगळी होती. रिकामी मडकी काही दिवस पाण्यावर सोडून ठेवायची. बदकांना त्यांची सवय झाली की एका पहाटे डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर पालथं घालायचं, गळ्याएवढ्या पाण्यात हळूहळू सरकायचं आणि बदकाचे पाय खालून धरायचे. आवाज नाही, छर्रा नाही. ही रीत त्यांनी एकदा साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, "यात मर्दुमकी काय?" मर्दुमकी म्हणजे कोरड्या अंगाने काठावर उभं राहणं, हे मला त्या दिवशी कळलं.

दिवसभराच्या बदल्यात एखादं बदक आमच्या घरी यायचं. गार पाण्याने माझी बोटं आधीच फुटलेली असायची, त्यात पिसं उपटायची. कितीही मसाला घाला, रश्श्याला गाळाचा वास येणारच, आणि घास चावताना दाताखाली छर्रा. सासरे म्हणायचे, "साहेबाघरचं आहे, गोड लागतं." मी तो छर्रा ताटाच्या कडेला थुंकायचे.

एका पौषात हे सकाळपासून चार वेळा पाण्यात गेले. शेवटी बाहेर आले तेव्हा ओठ जांभळे झाले होते. साहेबांनी मोठ्या मनाने आपल्या बाटलीतली ब्रँडी पाजली. हे हसून म्हणाले, आता अंगात ऊब आली, आणि ओल्या लंगोटीवरच शेकोटीपाशी बसून राहिले. संध्याकाळी ताप चढला. छाती भरली ती मोकळी झालीच नाही. नवल तेव्हा रांगत होता. गाव अजून म्हणतं, तानुबाईचा मालक शिकारीत गेला. जसा काही वाघाने नेला! बदकाने नेला माझा नवरा, आणि तेही दुसऱ्याच्या ताटातल्या.

पुढे कायद्याने शिकार बंद झाली. मला वाटलं, सुटलो.

यंदा पौषात नातजावई आला. माझ्या नातीला, दिपमालाला, जळगावला दिली आहे. नवरा स्वप्नील, प्लॉट विकतो. बोलताना हातवारे असे करतो, की समोर जमीन नसली तरी माणसाला दिसावी. या वेळी तो दिपमालाला घरीच ठेवून नशिराबादच्या किरण नावाच्या मित्राला घेऊन आला. दोघांच्या अंगात पालापाचोळ्याच्या रंगाची जाकिटं, आणि स्वप्नीलच्या पायात मांडीपर्यंत येणारे रबरी बूट. ऑनलाइन मागवलेत, तो दारातच म्हणाला. किरणच्या काकांकडे डुकरांपासून पीक राखायची बारा बोअरची परवान्याची बंदूक आहे. ती गाडीत चादरीखाली होती.

जेवायला वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. स्वप्नील म्हणाला, "आजी, हे आज. उद्या तुम्हाला बदकाचा रस्सा!"

"मारायला बंदी आहे ना, बापा?"

"धुक्यात कोण येतंय बघायला?"

"आणि मेलेलं बदक पाण्यातून आणणार कोण? कुत्रं आणलंय का सोबत?"

"कुत्रं कशाला, मामा आहेत ना!" स्वप्नील हसला. मामा म्हणजे त्याचा सासरा, माझा नवल. "मामा तर तलावात वाढलेले."

किरणही हसला. नवलही हसला, तेच मला झोंबलं.

माझा नवल पन्नाशी ओलांडलेला. त्याला दमा आहे. थंडीत औषधाचा पंप खिशातून काढत नाही. त्या आठवड्यात धुळ्याचा पारा इतका उतरला होता, की पेपरात रोज फोटो येत होते. मी त्याला चुलीपाशी बोलावलं.

"तू पानीमा उतरशी?"

"माय, जवाई शेतस. नही कसं म्हनू?"

"तुना बाप बी असाच म्हने. साहेब शेतस, नही कसं म्हनू."

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. जावयाने जीव मागितला तरी ताटात वाढून देतील अशी आमची माणसं. मी ठरवलं, बदकं जगोत नाहीतर मरोत, जावई रुसून जावो, नवल पाण्यात उतरता कामा नये. मग बाहेर येऊन सांगितलं, "उद्या मी पण येते."

"आजींना शिकार बघायचीय!" किरण म्हणाला.

"हो बापा. मर्दुमकी बघून पुष्कळ वर्षं झाली."

पहाटे तलावाच्या पाळीवर गेलो तेव्हा धुकं इतकं होतं, की काठी टेकवायची जागा दिसत नव्हती. बाभळीपाशी माझा पाय दोरात अडकला. दोर बाभळीला बांधलेला होता आणि सरळ पाण्यात गेला होता. मासेमारीचा ठेका गावातल्या पुनाकडे आहे. तो संध्याकाळी जाळं सोडतो आणि सकाळी ओढतो, त्या जाळ्याचा तो दोर. मी घोंगडी पांघरून त्याच्याशेजारी दगडावर बसले.

आता शिकारी बघा. किरणला हातमोज्यात काडतूस धरता येईना. मोजा काढला तर बोटं वळेनात. काडतूस चिखलात पडलं, ते त्याने पँटला पुसून बंदुकीत घातलं आणि भरलेली बंदूक बाभळीला टेकवून सिगारेट शोधू लागला. नळीचं तोंड नवलच्या पोटाकडे.

"किरणभाऊ," मी म्हटलं, "बदक तिकडे आहे. हा माझा मुलगा."

त्याने बंदूक घाईघाईने उचलली. स्वप्नील उभ्या जागी पाय आपटत होता. बूट रबराचे, आतून गार. नाक वाहत होतं, पुसायला रुमाल नव्हता, पालापाचोळ्याची बाही होती.

"एवढी थंडी असते का हो इथे?" तो म्हणाला.

"बदकांना विचार. त्यांना ही उबदार वाटते म्हणून येतात."

थोडं उजाडलं. पाण्यावर बदकांचा आवाज होता, पण दिसत काही नव्हतं. मग धुकं जरा विरलं आणि काळं काहीतरी तरंगताना दिसलं. माझी नजर आता अधू झाली आहे, मलाही बदकच वाटलं. स्वप्नीलने बंदूक घेतली, खांद्याला नीट न टेकवताच चाप ओढला आणि धक्क्याने मागच्या मागे चिखलात बसला.

सगळा तलाव उडाला. पंखांचा तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आले. तो ऐकला की आजही माझे हात थांबतात. डोक्यावरून थवेच्या थवे गेले. ते काळं मात्र तिथेच राहिलं आणि एका अंगाला कलंडलं.

"पडलं! पडलं!" किरण नाचायला लागला. "फोटो! मामा, जा ना, आणा ना लवकर, बुडेल ते!"

दोघांनी माना वळवून नवलकडे बघितलं. तीच मान, तेच वळणं. मधली सगळी वर्षं पुसली गेली. नवलने पंपाचा एक झुरका घेतला, तो खिशात ठेवला आणि शर्टाची बटणं काढायला लागला.

मी काठी त्याच्यासमोर आडवी धरली. "बटनं लाव."

"माय, लोकं काय म्हनतीन..."

"बटनं लाव." मग जावयाकडे वळले. "मारलं कोणी?"

"मीच की, आजी."

"मग आण. की हे बूट लग्नाच्या वरातीत घालायचे आहेत?"

किरण फिस्सकन हसला. मित्राच्या हसण्याला स्वप्नील घाबरतो हे मला आदल्या रात्रीच कळलं होतं. तो लाल झाला. "मी काय भितो की काय पाण्याला," म्हणाला, बंदूक किरणच्या हातात दिली आणि उतरला. गार पाणी मांडीला लागलं तेव्हा बाईसारखा नव्हे, बाईला लाज वाटेल असा किंचाळला. पण जात राहिला. पाणी बुटांच्या वरून आत शिरलं, मग कंबरेला आलं, आणि त्याची चाल जड झाली. त्याने हात लांब करून ते काळं धरलं आणि उचललं.

डबा होता. इंजिन ऑइलचा काळा, प्लास्टिकचा. पुना जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून असे डबे बांधतो. छऱ्यांच्या भोकांतून पाणी गळत होतं.

हसायला कोणाला वेळ मिळाला नाही. वळताना त्याचा पाय गाळात रुतला, तोल गेला आणि तो जाळ्यात पडला. एकदा उठला, तर जाकिटाच्या सगळ्या बकलांत जाळं. हात झटकले तसा आणखी गुरफटला. दोनदा तोंड पाण्याखाली गेलं. "मामा!" एवढंच ओरडला, आणि दुसऱ्या वेळी तेही अर्धवट.

किरणने बंदूक टाकून दिली आणि काठाकाठाने इकडून तिकडे पळायला लागला. पाण्याला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. नवल मात्र शर्टानिशी उतरला.

"नवल, मागं ये!"

तो थांबेना. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. इथूनही त्याच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती. मी उठायला म्हणून हात टेकला तर तो दोरावर पडला. दोर हिसके देत होता. मोठा मासा लागला की देतो, तसे. पलीकडच्या टोकाला माझा नातजावईच होता!

"नवल, दोर! दोर ओढ! तो जाळामाच शे!"

नवलने वळून दोराकडे बघितलं आणि त्याला कळलं. तो मागे फिरला. मी किरणच्या पाठीत काठी घातली. "पळतोस काय, धर!" नवल पुढे, किरण मागे, त्यांच्या मागे मी, असा आम्ही दोर ओढला. "उताणा हो! तोंड वर ठेव!" मी ओरडत होते. जाळं सरकायला लागलं. आधी थर्माकोलचे तुकडे आले, मग दोन-चार मासे, मग जावई. एक बूट गाळातच राहिला. डबा अजून त्याच्या हातात होता, आणि तो सोडायला तयार नव्हता.

ओठ जांभळे. दात वाजत होते तोवर मला भीती नव्हती. किरणने जाकिटातून चपटी बाटली काढली. "आजी, दोन घोट दिले की गरम होईल."

ती बाटली बघितली आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरी आली. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि तलावात ओतली. मासे प्यायले तर पिऊ देत.

"कपडे काढ," मी स्वप्नीलला म्हटलं.

"आ... आजी, तुमच्यासमोर?"

"तुझ्यासारखी पुष्कळ आंघोळीला घातली आहेत मी. काढ!"

नवलने जाळं कापून ओले कपडे ओरबाडून काढले. मी जावयाला पदराने कोरडा केला आणि घोंगडीत गुंडाळला. किरणचं जाकीट उतरवून वरून घातलं. तो "मला थंडी वाजतेय" म्हणाला, त्याला मी काठी दाखवली.

तेवढ्यात पुना मोटारसायकलवरून आला. दोर ओढलेला, जाळं काठावर पसरलेलं. "काय लागनं व जाळामा, अक्का?"

"जवाई लागना. मोठा शे, पन खावाले चालत नही."

पुना पोट धरून हसला. मग त्याने फाटलेलं जाळं आणि भोकं पडलेला डबा बघितला आणि हसायचं थांबवलं. तो जे बोलला ते जावयाबद्दल कोणी बोलू नये, म्हणून लिहीत नाही. मी त्याला अडवलं नाही. नवलने मान खाली घालून जाळं शिवून द्यायचं कबूल केलं, "भाऊ, जाळं मी शिवी दिसू." जावई घोंगडीतून नुसता बघत राहिला.

दुपारी त्याच्या अंगात बोलण्याइतकी ऊब आली तेव्हा दोघं निघून गेले. आता दिपमाला फोनवर सांगते, तिकडे तो सांगत असतो, की मित्र बुडत होता, मी उडी घेतली. किरणही हो म्हणतो म्हणे. म्हणू देत. तो डबा माझ्याकडे आहे. त्याने मी कोथिंबिरीला पाणी घालते, भोकांतून छान सारखं पडतं.

त्या सकाळी घरी आल्यावर मी नवलला चुलीपाशी बसवलं. ओली विजार काढून घेतली, पाय मांडीवर घेऊन कोरड्या फडक्याने पुसायला लागले. तो ओशाळून म्हणाला, "माय, मी काय लहान शे?" मी दुसरा पाय पुसायला घेतला. छातीतली शिट्टी हळूहळू कमी होत होती, मी ती ऐकत होते. बाहेर बदकं परत तलावाकडे चालली होती.

गुडघ्यापर्यंतच ओला होता. वर कोरडा. दोनदा हात फिरवून बघितला, मग चहा टाकला.