गुरुजी आणि बाकवाला

स्वतःला दिलेल्या शिव्या मोठ्याने, स्पष्ट उच्चारात वाचून दाखवायची नोकरी कोणाला लागली असेल तर त्याने मला येऊन भेटावं. दोघं मिळून रडू. मी हे काम रोज दुपारी करायचो, तेही फुकट. मी ज्या औषधांच्या दुकानात काम करतो ते दुपारी बंद असतं. तेवढ्यात घरी यायचं, दोन घास पोटात ढकलायचे, अण्णांच्या आरामखुर्चीला स्टूल चिकटवायचं आणि फोन उघडायचा. काचबिंदूने अण्णांची नजर नेली, पण जिभेला हात लावला नाही. त्यामुळे त्यांच्या पानावर आलेल्या प्रतिक्रिया मी वाचायच्या, त्यांनी उत्तर सांगायचं आणि मी ते टाइप करायचं. तोंड माझं, बोटं माझी, बाकी सगळं अण्णांचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळ्या शहराचे गुरुजी. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर धर्मावर बोलायला लागले. ऐकायला मूठभर म्हातारे यायचे, त्यातले निम्मे झोपायचे. कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग समलिंगी जोडप्यांना लग्नाची नोंदणी करता यावी असा कायदा येऊ घातला, त्यात निवडणूक तोंडावर आली आणि एका पक्षाला एकाएकी धर्माचा पुळका आला. पक्षाचा ऑनलाइन प्रचार बघणारा माणूस घरी आला, अण्णांच्या पाया पडला आणि त्यांचं बोलणं फोनवर चित्रित करून घेऊन गेला. आठवड्याभरात अण्णा घराघरात पोचले. त्या माणसाचं नाव मी भोंगा ठेवलं. तो कानात बोलला तरी शेजारच्यांना ऐकू जायचं.

आता यातली गंमत ऐका. ज्यांच्यापासून धर्म वाचवायचा होता, त्यांच्यातलाच एक गुरुजींच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांची उत्तरं टाइप करत होता. माझा माणूस ड्रायव्हिंग शिकवतो. शिकणारे पोरगे त्याला क्लच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. आमचं बऱ्याच वर्षांचं आहे. त्याच्या घरी माहीत आहे, रडारड होऊन गेली, आता त्याची आई मला 'जेवलास का' म्हणून विचारते. माझ्या घरी आई गेल्यापासून मी आणि अण्णा दोघंच, आणि आमचं बोलणं म्हणजे डोळ्यांत थेंब घातले का, विजेचं बिल भरलं का, एवढंच. त्या पलीकडे बाप-लेकात शब्द नाही.

"शिव्या गाळून वाच," अण्णा सांगायचे.

"गाळल्या तर काही उरत नाही, अण्णा."

आणि खरंच उरत नसे. अण्णांना शिव्या देणारे होते, अण्णांच्या वतीने शिव्या देणारे तर रग्गड होते. 'असल्यांना चौकात उभं करून ठेचा.' 'एक सापडू दे, कायदा आम्हीच शिकवतो.' अण्णा अशा लोकांना उत्तर देत नसत, पण त्यांना झापतही नसत. माझा राग त्या ठेचणाऱ्यांवर कमी आणि या न झापण्यावर जास्त होता.

असाच एकदा दुकानात खोकल्याच्या औषधांच्या फडताळामागे उभा होतो. डोकं तापलेलं होतं. नवं खातं उघडलं, 'मागचा बाक' असं नाव दिलं आणि अण्णांच्या पानावर लिहिलं: 'गुरुजी, तुम्ही म्हणता धर्म ही घराची भिंत आहे. भिंतीला दार ठेवतात तेव्हा तिला घर म्हणतात. नाही ठेवलं तर कोठडी म्हणतात. तुम्ही कुठे राहता?'

दुपारी तेच मी अण्णांना वाचून दाखवलं. शिव्यांच्या ढिगात एक शहाणं वाक्य. अण्णा खुर्चीत सरळ बसले.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"गाढव आहे," अण्णा खुशीत म्हणाले. "पण हुशार गाढव आहे. लिही..."

तेव्हापासून मी दुकानात बसल्याबसल्या पोटॅशियमच्या गोळ्या मोजता मोजता अण्णांना काय विचारायचं ते ठरवायचो. दुपारी घरात पाऊल टाकलं की अण्णांचा पहिला प्रश्न, "बाकवाला आला का?" मी म्हणायचो, "आलाय." मग आमची जुंपायची. ते धर्मातलं वचन काढायचे, दुसऱ्या दिवशी बाकवाला त्याच ग्रंथातलं उलटं वचन काढायचा. ते निसर्ग म्हणायचे, हा म्हणायचा, गुरुजी, चष्मा कुठल्या झाडाला लागतो? अण्णा पोट धरून हसले त्या दिवशी. माझ्या बोलण्याला अण्णा हसले असं लहानपणापासून कधी झालं नव्हतं. मी किती खूश होतो ते सांगायची सोय नव्हती. बापाशी मी पोटभर बोलत होतो, आणि बाप बोलत होता कोणा भलत्याशीच.

क्लच म्हणाला, "तू त्यांच्याशी बोलत नाहीयेस. त्यांना फसवतोयस."

"तुला काय कळतंय? तू गिअर बघ."

"मला एवढं कळतंय की तू ब्रेकवर पाय ठेवून गाडी पळवतोयस. जळणार काहीतरी."

मी आठ दिवस त्याचा फोन घेतला नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग येतो.

आणि मग मी ती चूक केली. अण्णांनी उत्तरात लिहायला सांगितलं होतं की या लोकांविषयी माझ्या मनात द्वेष नाही, पण समाजाने त्यांना थारा देऊ नये. माझं टाळकं सरकलं. बाकवाल्याने लिहिलं: 'थारा देऊ नये? गुरुजी, वर्गातल्या एका पोराला बायकी म्हणून बाकीच्यांनी बडवलं, त्याचा सदरा फाडला. तुम्ही सगळ्या वर्गाला बाहेर काढलंत आणि स्वतःच्या अंगातला शर्ट काढून त्याला घातलात. ते गुरुजी कुठे गेले?'

गोष्ट खरी होती. अण्णा त्या दिवशी बनियनवर कोट चढवून घरी आले होते. आईने विचारलं, शर्ट कुठे? तेव्हा जेवताना त्यांनी सांगितलं होतं. मी लहान होतो, पण माझ्या ताटातला घास तसाच राहिला होता. त्या दिवसाइतके अण्णा मला पुन्हा कधी आवडले नाहीत.

हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा हसले नाहीत. "आज उत्तर नको," एवढंच म्हणाले.

उत्तर भोंग्याला सापडलं. तो संध्याकाळी नाचतच आला. "गुरुजी, सापडला! शर्ट कोणाला दिला हे कोणाला माहीत असणार? ज्याला दिला त्यालाच! त्या वर्गातल्यांना विचारलं, मार खाल्लेला तो पोरगा कोण ते. बाजारात शिंपीकाम करतो, एकटा राहतो, लग्न नाही. सगळं जुळतंय! पोरं बघून घेतील."

"काय बघून घेतील?" अण्णांनी विचारलं.

"नुसतं समजावतील हो."

दुसऱ्या दिवशी समजावलेला माणूस आमच्या दारात उभा राहिला. कपाळावर पट्टी, डोळे सुजलेले. शिंप्याच्या दुकानाची काच फुटली होती. शिवायला आलेले कपडे रस्त्यावर फेकून त्यावर रंग ओतला होता. दारावर जे लिहिलं होतं ते त्याने सांगितलं नाही. मी पाणी दिलं तर पेल्याला हात लावायच्या आधी त्याने हात पुसले.

"गुरुजी, मी काही लिहिलं नाही हो," तो म्हणाला. "मला ते येतच नाही. माझा फोन बघा, बटणांचा आहे. तुमच्याविरुद्ध मी लिहीन? तुमचा शर्ट अजून..." आणि तो रडायलाच लागला.

अण्णा त्या आवाजाकडे तोंड करून बसले होते. "वर्गात कोणाला शर्टाचं माहीत होतं?"

"कोणालाच नाही. तुम्ही मला कार्यालयात नेऊन घातलात. मी मागच्या दाराने घरी गेलो. तुम्हीच म्हणालात, कोणाला सांगू नको. मी आजवर आईलाही नाही सांगितलं."

मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभा होतो. तोंड उघडावं तर मी मेलो, न उघडावं तर हा मरतो. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते मी शाळेत पाठ केलं होतं. त्या दोहोंच्या मधे उभं राहायला प्रत्यक्षात पाऊलभरही जागा नसते. 'मी लिहिलं' हे दोन शब्द. माझ्याच्याने निघाले नाहीत. दुसऱ्याच्या कपाळावरची पट्टी बघत मी गप्प राहिलो.

हिशेब सोपा होता. ती गोष्ट त्या पोराला माहीत, किंवा या घराला. आणि या घरात आता फोन वापरणारा एकच होता.

"तू घरी जा," ते शिंप्याला म्हणाले. "यापुढे तुला कोणी हात लावणार नाही." मग माझ्याकडे मान न वळवता म्हणाले, "त्याला बोलावून घे. तो पक्षाचा, मोठ्या आवाजाचा."

भोंगा आला. अण्णांनी त्याला बसूही दिलं नाही.

"बाकवाला मीच आहे," ते म्हणाले.

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "तुम्ही? म्हणजे कसं?"

"वादाची जुनी पद्धत आहे. आधी समोरच्याची बाजू आपणच मांडायची, त्याच्याहून चांगली मांडायची, मग खोडायची. पूर्वपक्ष म्हणतात. समोर धड बोलणारा कोणी नव्हता, म्हणून मीच केला. मी सांगतो, हा लिहितो. दोन्हीकडचं. हो ना रे?"

त्यांचे न बघणारे डोळे माझ्याकडे वळले. भोंगाही बघायला लागला.

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं, सुटलो. शिंपी सुटला, मी सुटलो, आणि अण्णांना सगळं माहीत असून त्यांनी मला पाठीशी घातलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण भोंगा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. धक्का ओसरल्यावर त्याने मांडीवर थाप मारली.

"गुरुजी, सोनं आहे हे सोनं! बाहेर कोणाला सांगायचं नाही. लोकांना तो खराच वाटू दे. आता तुम्ही त्याला हरवा. मतदानाआधी. तो शरण आला असं आलं पाहिजे, त्याच्या तोंडून. खातं तुमच्याकडेच आहे ना? मग आत्ताच लिहू. मी पोरांना फोन करून सांगतो, शिंप्याला सोडा म्हणून. पण आधी हे होऊ दे."

अण्णांचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट झाले. इतका वेळ ते त्याला हुकूम सोडत होते. आता त्यांनाही हलता येत नव्हतं.

"लिही," ते मला म्हणाले.

मी मागचा बाक उघडला. भोंगा आपला फोन उघडून समोरच बसला, उमटलं की वाचायला. अण्णांना दिसत नव्हतं, मी काहीही लिहू शकलो असतो. पण याला दिसत होतं.

"गुरुजी," अण्णा सांगू लागले, "इतके दिवस मी आपल्याशी वाद घातला. आपण मला कधी अपशब्द बोलला नाहीत. मी विचार केला. माझं चुकत होतं असं मला वाटतं."

"'वाटतं' नको," भोंगा म्हणाला. "'कळलं.' आणि ते लाजेबद्दल येऊ दे. स्वतःची लाज वाटते म्हणावं. त्याशिवाय मजा नाही."

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होतो. नाही म्हणा, अण्णा. एकदा नाही म्हणा, त्या वर्गाला म्हणालात तसं. माझं बोट फोनच्या काचेवर तसंच टेकलेलं होतं.

"लिही," ते म्हणाले. आवाज खरखरीत झाला होता. "मला माझी लाज वाटते."

मी लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही.

"वाचून दाखव की," भोंगा म्हणाला. मी वाचलं. मला माझी लाज वाटते, असं माझ्या वडिलांसमोर, माझ्याच तोंडाने, मोठ्याने. मग पाठवलं. भोंग्याच्या फोनवर ते उमटलं तसा तो 'वा' म्हणाला, पोरांना फोन लावत लावत जिना उतरला आणि त्याचं बोलणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत राहिलं.

माझा फोन थरथरला. क्लच. 'हे तू लिहिलंस?' मी उत्तर दिलं नाही. पुन्हा थरथरला. मी बंद केला नाही, उघडलाही नाही.

"कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, मला तुम्हाला सांगायचंय."

"काही सांगायचं नाहीये."

"तुम्हाला माहीत आहे. शर्टाचं फक्त..."

"तू लहान होतास. तुला काही आठवत नाही."

"आठवतं, अण्णा. सगळं आठवतं."

"नाही आठवत," ते म्हणाले, वर्गात पाठ म्हणून घ्यायचे तशा ठाम सुरात. "वाद तिकडे चालतो, त्या फोनमध्ये. तिथे मी ऐकलं. जेवढं ऐकवलं तेवढं सगळं ऐकलं. या घरात नाही ऐकायचं मला. मी गेलो की काय ते कर."

म्हणजे बाकवाल्याचं प्रत्येक वाक्य त्यांनी ऐकलं होतं. हसले होते, परत वाच म्हणाले होते. आणि आज त्यांनी त्याला स्वतःच्या जिभेने संपवलं, मला वाचवण्यासाठी. मी त्यांच्या पाया पडावं की त्यांचा गळा धरावा, मला कळेना. दोन्ही करावंसं वाटत होतं.

"प्रतिक्रिया आल्या असतील," अण्णा म्हणाले. "वाच."

मी फोन उघडला. धडाधड येत होत्या. "'अशांना लाज वाटायलाच हवी. गुरुजींचे उपकार.'"

"पुढची."

"'एक सुधारला. बाकीचे पण सुधारतील, नाहीतर आम्ही आहोतच.'"

अण्णांचा हात चाचपडत आला. आधी स्टुलाला लागला, मग माझ्या गुडघ्याला, मग माझं मनगट सापडलं. त्यांनी ते धरलं. सोडवून घेता आलं असतं, म्हाताऱ्या माणसात जोर तो कितीसा असणार.

"पुढची," ते म्हणाले.

मी पुढची वाचली.