एकेचाळीस आकड्यांतली मुलगी

अंकबाबाच्या बैठकीला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतभर फळा, त्यावर एकच संख्या, एकेचाळीस आकडी. समोर माझी बायको हातात खडू घेऊन उभी. आमची मुलगी एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली होती. बायको त्या संख्येला एकोणीसनं भागत होती. पुटपुटत, खोडत, पाऊण तास. शेवटी बाकी शून्य.

"आली!" अंकबाबा गरजला. "बघा बाई, काही म्हणजे काही उरलं नाही. सगळी यात सामावलीय!"

लोक हुंदके देऊ लागले. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

ही म्हणे मृतांची संख्या. मरतानाच्या वयानं निःशेष भाग गेला की तो जीव हिच्यात अडकून हाका मारतोय. आजवर ज्यानं त्यानं आपलं माणूस शोधून काढलं होतं. भागाकार ज्याचा त्यानं करायचा, मग हातचलाखीचा संशय कोण घेणार?

बायकोनं मुलीच्या खोलीत भिंतीवर ती संख्या लिहिली. दिवसभर आकडे म्हणत बसायची. मी आत गेलो की दबक्या आवाजात म्हणायची, "हळू. ती ऐकतेय." घरात पुन्हा तिघं असल्यासारखं वाटू लागलं. मीही चपला न वाजवता चालू लागलो.

बायकोला मधुमेह; एकदा फ्रिजमध्ये तिची इन्सुलिनची बाटली तशीच भरलेली दिसली.

"अगं, हे काय?"

"सुई शरीराला खिळवते, बाबा म्हणाले. सोडली की तिच्याकडे जाता येतं."



मी कारखान्यात गिअर कापतो. कुठल्या चाकाला किती दाते, कशानं कशाला भाग जातो, यातच हयात गेली. त्या दिवशी दांडी मारून भिंतीसमोर बसलो. संख्येला दोननं भागलं, जाईल तितक्या वेळा. मग तीननं, पाचनं, सातनं, अकरानं. संध्याकाळी सत्त्याण्णवपर्यंत पोचलो आणि हातात उरला फक्त एक. आत दुसरं काही नव्हतंच! शंभरापर्यंतच्या प्रत्येक संख्येनं भाग जावा, अशीच ती गुणाकार करून बनवलेली होती. शंभरी ओलांडून मरतो कोण?

पुढच्या बैठकीला मी बायकोशेजारून उठलो. "बाबा, मी एक्कावन्नचा. भागू?"

"मेलेल्यांचंच वय चालतं!"

तोवर मी सुरुवात केली होती. बाकी शून्य. "म्हणजे मी मेलोय?"

कुणीतरी खुदकन हसलं. एका बाईनं मांडीवरच्या नातीचं वय घेतलं, सात. शून्य. मग मी एकशे एकनं भागलं. बाकी सदतीस.

"शंभरीपुढच्यांना प्रवेश बंद वाटतं?"

"आज लहरी बिघडल्यात," म्हणत बाबा मागच्या दारानं सटकला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आपलं माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखे सगळे फळ्याकडे बघत राहिले.

घरी बायकोनं विचारलं, "मग ती कुठंय?"

"ठाऊक नाही. त्या आकड्यांत नाही, एवढं नक्की."

तिनं फ्रिजमधली बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, "द्या ती सुई."

दुःखातल्या माणसाला शून्यातही हाक ऐकू येते. म्हणून हात जोडून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला तर तो केव्हा फसेल, ते आधी विचारा. आणि फसणारच नाही असं उत्तर आलं, तर औषध बंद करू नका, आपलं डोकं चालू करा.