चपलेचा बंद

सतरा वर्षांनी वान सबरींचा हजला जायचा नंबर लागला होता आणि आता मध्ये उरली होती फक्त डॉक्टरची सही. रक्ततपासणीआधी मलेशियातल्या कोटा भारूतले सगळे मधुमेही जे करतात, ते त्यांनीही केलं. तीन दिवस गोड चहा बंद आणि भात अर्धा.

उपाशीपोटीची साखर झकास आली.

"तीन महिन्यांची सरासरी मात्र वेगळंच सांगतेय, पाकचिक," डॉक्टर सुहैला म्हणाली. वयस्कर पेशंटांना ती पाकचिक, म्हणजे काकाच म्हणायची.

ही सरासरी चहाडखोर आहे हे त्यांना ठाऊक होतं. बोलणी खायची तयारी होती. पण सुहैलाने भलत्याच आकड्याखाली रेघ मारली. "काळजी याची आहे. हृदयावर ताण पडला की ते एक द्रव्य रक्तात सोडतं. तुमच्यात ते बरंच सापडलंय."

"माझी छाती तर दुखत नाही."

"मधुमेहात कधीकधी दुखत नाही."

"म्हणजे दुखत नाही म्हणून मी आजारी?"

"दुखत नसलं तरी असू शकता."

"आणि दुखलं असतं तर?"

"तरीही."

वान सबरींनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. असं उदाहरण कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"बरं, हा आकडा उतरायला काय सोडू? किती दिवस?"

"सोडून नाही उतरायचा. चालताना दम लागतो?"

"छे!"

शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसलेली बायको, चे रोमला, म्हणाली, "अहो, मशिदीच्या पटांगणात आपण काबाभोवतीच्या सात फेऱ्यांचा सराव करतो ना? तिसऱ्या फेरीला रोज चपलेचा बंद बांधायला बसता तुम्ही."

"मग?"

"चपलेला बंद कुठाय?"

त्यांनी खाली पाहिलं. रबरी स्लिपर. आपण इतके दिवस नक्की काय बांधत होतो, हे त्यांनाही सांगता येईना.

सुहैलाने पेनाला टोपण लावलं. "आज सही नाही. हृदयाची सोनोग्राफी करू, आजपासून औषध घ्या. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू, मग ठरवू."

"मग जाता येईल?"

"येईलही."

येईल की नाही, ते पुन्हा रक्तालाच ठाऊक.

बाहेर टपरीवर त्यांनी बिनसाखरेचा चहा मागितला.

"उद्या तपासणी वाटतं, चिकगू?" चहावाल्याने विचारलं. गावाला ते अजून मास्तरच होते.

"आजच झाली."

चहावाला चमचा हातात धरून बघत राहिला. "झाली? मग आता कशाला?"

"तेच तर कळत नाहीये," वान सबरी म्हणाले आणि कडू घोट घेतला.