या घरातून कोणी उपाशी गेलं नाही

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. तुमच्या घरी मिक्सर असेल. असू दे. तो ओरडतो जास्त आणि वाटतो कमी. मी काळ्या दगडाचा. मारुंजीत सोजराबाई सून म्हणून आल्या, त्या साली त्यांच्या सासऱ्यांनी मला पाथरवटाकडून घडवून घेतलं. टाकी लावणारी बाई दारावर यायची, छिन्नीनं मला पुन्हा खरखरीत करून जायची. नवे दात आल्यासारखं वाटायचं.

काय दिवस होते ते! सोजराबाईंचे मालक लक्ष्मणराव पिंपरीच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला जायचे. त्यांच्या डब्यातला ठेचा माझ्यावर वाटलेला. त्यांच्या शेजारच्या मशीनवर देहूरोडचे नागसेनभाऊ होते. सुट्टीला घरी आले की म्हणायचे, "वहिनी, डबा हा आणतो, पण ठेचा आम्हीच खातो."

"मग यांचं पोट कशानं भरतं?"

"तुमच्या धाकानं!"

सोजराबाई हसायच्या नाहीत, पण नागसेनभाऊंसाठी एक भाकरी जास्त टाकायच्या. त्यांना एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो माझाही होता. या घरातून कोणी उपाशी गेलं नाही.

पुढं शेतावर इमारत उभी राहिली. खोल्यांतून कंप्युटरवाली पोरं भाड्यानं आली. ओटा आला, ओट्यावर मिक्सर आला, आणि मला मागच्या पडवीत नळाखाली टाकलं. येणारेजाणारे माझ्यावर टाचा घासू लागले. मित्रांनो, ज्याच्यावर नैवेद्याचं पुरण वाटलं, त्याच्यावर टाचा!

मग लक्ष्मणरावांना गळ्याचा कॅन्सर झाला. औषधं झाली, किरणं झाली, गुण आला नाही. गार वाटतं म्हणून त्यांनी पडवीतच खाट टाकून घेतली. डॉक्टर चित्राताई घरी येऊन बघून जायच्या. एकदा ते त्यांना म्हणाले, "बाई, एक सुई द्या अन् मोकळं करा."

"ती सुई आपल्या कायद्यात बसत नाही, काका," चित्राताई म्हणाल्या. "आणि बसली असती तरी माझा हात धजला असता का, सांगता येत नाही. पण दुखणं कमी करीन. आणि तुम्हाला नको ते तुमच्यावर लादू देणार नाही."

"मग नाकात नळी नको. गिळंल तवर खाईन. पुढं न्हाई."

"लई शाणे!" सोजराबाई म्हणाल्या. पण त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांचा मुलगा शेखर, त्यानंही.

काही दिवसांनी लक्ष्मणराव ग्लानीत राहू लागले. घोट उतरेना. शेखर कंपनीतून तसाच धावत आला.

"आई, नळी घालून घेऊ."

"नको म्हणालेत ते."

"तेव्हा बोलत होते! आता डोळ्यांदेखत बापाला उपाशी मारायचं का? भावकी तोंडात शेण घालंल."

सोजराबाईंनी मूग-तांदूळ मऊ शिजवले, मला घासून घासून धुतलं आणि वाटायला बसल्या. मिक्सरनं फेस होतो म्हणाल्या. इतक्या वर्षांनी ते हात! माझे दात झिजले होते, तरी मी जीव ओतला. लोण्यासारखं उतरलं.

चमचा तोंडाशी गेला. लक्ष्मणरावांनी ओठ मिटले.

"माझ्या हातचंबी नको व्हय?" बाई कडाडल्या.

त्यांनी डोळे उघडले. बाईंच्या हातावर हात ठेवला आणि चमचा हळूच बाजूला सारला. मित्रांनो, माझ्यावर वाटलेलं त्या घरात पहिल्यांदाच परत आलं. मी दगड, पण मला ते लागलं.

बाईंनी वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "शेखर, नळी न्हाई. माझा तोरा राखायला त्यांचं नाक कशापायी टोचायचं?"

चित्राताईंनी येऊन तपासलं. शरीर मिटायला लागलं की भूक आधीच जाते, त्यांनी समजावलं. दुखण्याचं औषध चालूच राहणार होतं.

"मग मी करू तरी काय?" शेखर लहान पोरासारखा रडला.

"बस हितं," सोजराबाई म्हणाल्या. "ओठ वले कर त्यांचे."

शेखर बसला. कामावर गेला नाही, फोन उचलला नाही. बापाला आपल्या कंपनीतल्या गमती सांगत राहिला आणि कापसाच्या बोळ्यानं ओठ भिजवत राहिला. लक्ष्मणराव त्याच्या मांडीवरच गेले, तोंडावर दुखण्याची कसलीच ओढ नव्हती.

सुतकात भावकीतल्या भिमाबाई येऊन बसल्या. "काई म्हण सोजरा, उपाशी गेला माणूस."

शेखरची मान खाली गेली.

"उपाशी न्हाई, भिमाबाई," सोजराबाई म्हणाल्या. "मागितलं अन् दिलं न्हाई, त्याला उपाशी म्हणत्यात. यांनी नको म्हणलं अन् मी ऐकलं. लगीन झाल्यापासनं पैल्यांदा त्यांचं ऐकलं. त्याला तरी नावं ठेवू नगा."

मित्रांनो, मला नळाखाली टाकताना कोणी विचारलं नाही. दगडाला कोण विचारतो? पण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलता येतं. ती धडधाकट आहेत तोवर त्यांना विचारा, दुखणं आलं तर काय हवं, काय नको. रागावतील, विषय बदलतील. पुन्हा विचारा. नळी हवी म्हणाले तर तीही आनंदानं द्या. आणि नको म्हणाले, तर वाटी खाली ठेवायला शिका, आणि जवळ बसा.