पोलादातलं गवत

"विश्वात निर्मळ शांतता अशी कुठंच नसते. माणसानं आपला गोंगाट तेवढा बाजूला सारावा. मग सत्य आपण होऊन बोलतं."

हे उद्गार काढले तेव्हा कानसेन साबणाच्या कारखान्यातल्या बॉयलरला टेकून उभे होते आणि त्यांच्या पँटला मागून बशीएवढं जेल लागलं होतं. जावयाला ते दिसलं, पण तो मूग गिळून बसला. सासऱ्याच्या त्या बाजूविषयी बोलायला जावयाजवळ सोयीचे शब्द नसतात.

कानसेन हे नाव बायकोनं ठेवलेलं. पोलादावर जेल फासायचं, त्यावर प्रोब नावाची कांडी टेकवून ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि तो परत कसा येतो हे छोट्या पडद्यावर पाहायचं, हा त्यांचा धंदा. आत भेग असली की आवाज मधूनच माघारी येतो आणि पडद्यावर सुळका उभा राहतो. एवढं बारीक पकडणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातून मारलेली हाक मात्र कधी पोहोचली नाही.

उद्या सकाळी बॉयलरमध्ये वाफ धरायची होती. कानसेननी पिवळ्या रंगाची खूण केली की बॉयलर पास. आणि त्याच्यापुढे दिवसभर उभा राहणार होता तो बॉयलर चालवणारा, म्हणजे हाच जावई.

अडचण होती गवताची. विजेच्या गोंगाटानं पडद्याच्या तळाशी बारीक रेघा थरथरतात, त्यांना या धंद्यात गवत म्हणतात. आज ते गुडघाभर वाढलं होतं. त्यात एखादी भेग आडवी पडून राहिली असती तरी दिसली नसती.

"साहेब, गवत कापायचं बटण असतं ना त्यावर?" मॅनेजरनं विचारलं.

"असतं. गवत कापतं आणि भेगही कापतं. पडदा कसा, अगदी आरशासारखा. उद्या इथं तुमचा मुलगा उभा राहणार असेल तर दाबतो."

"मला मुलगा नाही."

"मला जावई आहे."

मॅनेजरनं बटणावरची नजर काढून घेतली.

मग कानसेन कामाला लागले. शेजारचं वेल्डिंग थांबवलं. लांबलचक वायर काढून आखूड, जाळीच्या वेष्टणाची लावली. अर्थिंगची पट्टी घासून चकचकीत केली. क्रेन बंद, ट्यूबलाइट बंद, सगळ्यांचे मोबाइल शेडबाहेर. दर खेपेला गवत थोडं खुजं होत गेलं. आणि दर खेपेला एक गोष्ट अधिक नीट दिसू लागली.

गवत एका जागी वाकत होतं. ती जागा सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि तिच्यामागं गवत पुन्हा उभं राहत होतं.

"मामा," जावई हळूच म्हणाला, "हे असं... कुणीतरी चालल्यासारखं नाही वाटत?"

"जावईबापू, तुम्ही रात्री काय वाचता हो?"

पण त्यांचा आवाज जरा पातळ झाला होता. "मेन स्विच पाडा," ते म्हणाले.

मेन स्विच पडला. पंखे घरघरत थांबले. भर दुपारी शेडमध्ये एकदम विहिरीच्या तळाशी असावा तसा गारठा वाटला. मशीन बॅटरीवर चालत होतं. गवत उरलंच नाही; उरली फक्त ती चालणारी जागा. पावलाएवढी. थांबत, पुढं सरकत.

कानसेननी प्रोब उचलला. पडदा कोरा. टेकवला. ती जागा पुन्हा आली. म्हणजे हा विजेचा गोंगाट नव्हता, पोलादातलंच काहीतरी होतं. त्यांनी प्रोब हातभर बाजूला नेला. तेही तिथं आलं. ते थांबले. तेही थांबलं.

"भेग चालत नाही," मॅनेजर घाम पुसत म्हणाला. "चालतं ते दोष नाही. तुमच्याच नियमात बसतं ना साहेब? मारा पिवळी खूण, सुटू सगळे."

बसत होतं, हीच पंचाईत होती. कानसेननी रंगाच्या डब्याकडं पाहिलं, मग जावयाकडं. जावई बॉयलरच्या झडपेवर हात ठेवून उभा होता, घरातल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"थांबा जरा. कुठं जातंय ते तरी बघू."

ते त्याच्या मागोमाग निघाले. प्रोब पुढं, जेलची ओली रेघ मागं. ते सांध्यांवरून गेलं, तिथं थांबलं नाही. थांबलं ते एका सपाट जागी, जिथं तपासायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. तिथंच घुटमळत राहिलं. सरळ प्रोबमध्ये बाकी काही दिसेना. कानसेननी आवाज तिरका सोडणारा प्रोब लावला.

सुळका उभा राहिला. उंच, टोकदार, एका जागी खिळलेला. उभी भेग, आतल्या बाजूनं, निम्म्या जाडीपर्यंत.

जावयानं झडपेवरचा हात काढून घेतला.

"नापास," कानसेन म्हणाले. "उद्या वाफ नाही. परवाही नाही."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला आणि मालकाला फोन करायला बाहेर गेला. कानसेननी पुन्हा सरळ प्रोब घेतला, भरपूर जेल थापलं. एक भेग निघाली म्हणजे आणखी असू शकतात, आणि मुलीला काय तोंड दाखवायचं? ते घाईनं बॉयलरच्या पोटावरून प्रोब फिरवू लागले. वर, खाली, पुन्हा वर.

"काय म्हणालात?" जावई दचकून म्हणाला.

"मी कुठं काय म्हणालो?"

प्रोब फिरत राहिला. मग पोलादाच्या आतून, अतिशय अदबीनं, पुन्हा आवाज आला.

"जरा हळू फिरवता का? गुदगुल्या होतात."