जुळलेल्या चिठ्ठ्या

शहराच्या पाण्यातलं क्लोरीन दोघांनी मोजायचं, असा प्रयोगशाळेचा नियम. एकदा उपप्रमुखाने, एकदा प्रमुखांनी. एकमेकांचा आकडा न बघता. दोन्ही चिठ्ठ्या बंद पाकिटांत कारकूनबाईंकडे जायच्या. जुळल्या की शिक्का, नाहीतर सगळ्यांसमोर नव्याने मोजणी.

उपप्रमुखाच्या नऊ वर्षांत नव्याने मोजणी एकदाही झाली नव्हती.

"जुळतंय ते बरंच की," बायको म्हणायची. "आपलं तर मिठावरूनही जुळत नाही."

पण तो विज्ञान शिकलेला. दोन माणसं, दोन वेळा, आणि तिसऱ्या दशांशापर्यंत तोच आकडा? साहेब मोजतच नसतील, तर अख्खं शहर त्याच्या एकट्याच्या डोळ्यांच्या भरवशावर पाणी पीत होतं.

साहेबांच्या निवृत्तीच्या दिवशी त्याने यंत्रावर ०.४१२ पाहिलं आणि मुद्दाम ०.६७७ लिहिलं. बाईंनी खणातून साहेबांचं पाकीट काढलं. ते सकाळीच आलं होतं, त्याने नमुना हातात घेण्याआधी. आत ०.६७७.

तो तडक साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, तुम्ही मोजता ना?"

साहेब चष्मा पुसत राहिले. "या खुर्चीत बसलं की आकडा आपोआप येतो रे. उप होतो तेव्हा मीही एकदा खोटा लिहून पाहिला होता. सोमवारी बसशील, मग कळेल."

सोमवारी तो बसला. तीन दिवस रिकामी असलेली खुर्ची उबदार होती. नमुना यायच्या आधीच हाताने पेन उचलून ०.३०८ लिहिलं. त्याने चिठ्ठी फाडली. यंत्रापाशी जाऊन स्वतः पाहिलं: ०.१२६. क्लोरीन धोकादायक इतकं कमी. परत येऊन तेच लिहायला घेतलं, तर कागदावर उमटलं ०.३०८. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही.

मग त्याला युक्ती सुचली. चिठ्ठी कोरीच द्यायची. जुळणार नाही, मोजणी नव्याने होईल, पाणी थांबेल. पाकीट चिकटवताना त्याचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी आधी त्याचं पाकीट उघडलं. भुवया उंचावल्या. मग नव्या उपप्रमुखाचं, आठवड्यापूर्वी नोकरीला लागून आजच त्याच्या जागी आलेल्या मुलीचं, उघडलं.

तीही चिठ्ठी कोरी.

तो दाराकडे वळला. ती तिथेच उभी होती, चेहरा पांढराफटक. "साहेब," ती म्हणाली, "तुम्ही मोजता ना?"

त्याच्या मागे बाईंनी शिक्का शाईत टेकवला. "जुळलं," त्या म्हणाल्या.