हिरवा ठिपका

शिवप्रसाद सरांनी आठवीच्या पोरांना पाणी तपासायच्या कामाला लावलं, तेव्हा उदगीरजवळच्या आमच्या गावाने फुकटची करमणूक म्हणून त्याकडे बघितलं. लातूरच्या एका संस्थेने पेटी पाठवली होती. नळीत पाणी घ्यायचं, औषध टाकायचं. पिवळं झालं तर फ्लोराइड जास्त, गुलाबी राहिलं तर पिण्याजोगं. रंग तक्त्याशी जुळवून मिळालेला फ्लोराइडचा आकडा मोबाइलवर भरला की नकाशावर लाल नाहीतर हिरवा ठिपका उमटायचा.

गावच्या बोअरचं पाणी पिवळं निघालं. पोरांच्या दातांवरचे डाग हेच सांगत होते, पण दातांचं कोण ऐकतं?

गुलाबी राहिली ती एकटी भीमनगरातली, बौद्ध वस्तीची उथळ विहीर. ते पाणी त्याच वस्तीतल्या बुद्धप्रियाने तपासलं होतं. तिच्या आजीने, गुणाबाईने, नळी उजेडात धरून बघितली. मग म्हणाली, "सरायला सांगू नको, माय. चांगलं हाय म्हणून कळलं की ते आपलं ऱ्हात न्हाई."

पोरगी हसली. विज्ञानात लपवाछपवी नसते असं सरांनी शिकवलं होतं, आणि सर मनापासून शिकवायचे. तिने आकडा भरला.

पुढचा हिशेब गावाने केला. सरपंच मडिवाळप्पांनी ग्रामसभेत ती विहीर साऱ्या गावाची ठरवली. ज्यांच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या तिला वळसा घालून गेले, त्यांना तिचं पाणी एकाएकी गोड लागलं. पाइपातून आलेलं पाणी बाटत नाही, हाही शोध त्याच सभेत लागला. तो मात्र कुणी नकाशावर भरला नाही. उन्हाळ्यात आमचंच भागत नाही, असं गुणाबाई उठून सांगत होती.

"मावशी," मडिवाळप्पा गोड हसत म्हणाले, "पाण्यात कसली आलीय जात?"

विहिरीवर मोटार बसली. मार्चअखेर विहिरीने तळ दाखवला, आणि भीमनगर घागरी घेऊन बोअरवर जाऊ लागलं.

एप्रिलात तपासणीची दुसरी फेरी आली. सर बुद्धप्रियाला घेऊन विहिरीवर गेले. दोरीने सोडलेली बाटली दगडावर आपटून कोरडीच वर आली. रकाना रिकामा ठेवला की मोबाइल पुढे सरकेना, आणि दोन्ही फेऱ्या झाल्याशिवाय शाळेला प्रमाणपत्र नव्हतं.

"शून्य टाक," सर म्हणाले.

"शून्य म्हंजे लई चांगलं पाणी होतंय, सर. इथं पाणीच न्हाई."

 सरांनी मोबाइल तिच्याकडून घेतला आणि स्वतःच्या बोटाने शून्य दाबलं.

तालुक्यातलं सगळ्यात शुद्ध पाणी आता आमच्या गावात आहे. बुद्धप्रियाने सरांना बाटली परत दिली आणि ती बोअरच्या रांगेत आजीला सोडवायला गेली.